सेफ्टी रेझरने दाढी आणि डोकं: दोन वर्षांचा अनुभव

मुळाकाठ | शनिवार, रात्री ९:१०

मंडळी, दोन वर्षांपूर्वी मी डोकं पूर्ण भादरायला लागलो. टाळू चाळिशीच्या आधीच उघडी पडली होती, बाजूचे केस तेवढे राखून होतो. एका रविवारी सलूनमध्ये सांगून टाकलं, सगळं काढा. घरी आल्यावर आईने डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "जावळ काढलं तेव्हा अस्साच दिसत होतास." तेव्हापासून चकोट.

दर तिसऱ्या दिवशी सलूनमध्ये जाणं काही जमेना. मग घरीच पाच पात्यांचं कार्ट्रिज वापरायला लागलो. तीन महिन्यांत मानगुटीवर पुळ्यांची रांग उठली. शर्टाची कॉलर घासली की आग व्हायची. त्वचेच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी भिंगातून पाहिलं आणि सांगितलं की केस आतल्या आत वाढताहेत. कारण असं की पहिलं पातं केस ओढून धरतं आणि मागचं पातं तो ओढलेला असतानाच कापतं. मग उरलेला खुंट त्वचेच्या खाली सरकतो. केस सरळ असला तर पुन्हा बाहेर येतो, कुरळा असला तर वाटेतच वळतो आणि कातडीत घुसतो. माझे मानेवरचे केस कुरळे आहेत. "एक पातं वापरा, आणि कमी वेळा फिरवा," एवढंच त्या म्हणाल्या. औषधाची चिठ्ठीही दिली नाही.

म्हणून सेफ्टी रेझरकडे वळलो. हा धागा काढण्याचं कारण म्हणजे दाढीसाठी सेफ्टी रेझर वापरणारे बरेच भेटतात, डोक्यासाठी वापरणारे कमी, आणि मराठीत यावर नीट लिहिलेलं मला सापडलं नाही. पहिल्या महिन्यात मी ज्या चुका केल्या त्या दुसऱ्या कुणी करू नयेत.

रेझर साधा, तीन भागांचा आहे. वरचं झाकण, खालची पट्टी आणि दांडा. ब्लेड मधे. दांडा फिरवून आवळला की ब्लेड किंचित वाकतं, आणि ते वाकणं गरजेचं असतं. पातं जेमतेम ०.१ मिलिमीटर जाड असतं. वाकवून घट्ट धरलेलं नसलं तर ते थरथरतं, आणि थरथरणारं पातं ओरबाडतं. त्यामुळे पूर्ण आवळा. ब्लेड बसवताना धारेकडून नाही, आखूड बाजूंनी धरा. आवळून झालं की रेझर उजेडात धरून पाहा, दोन्ही बाजूंना पातं सारखंच डोकावतंय ना.

आता कोन. झाकणाचा माथा गालावर टेकवा, दांडा आडवा बाहेर येईल. मग दांडा हळूहळू खाली आणत जा. एका ठिकाणी केस कापल्याचा बारीक चर्रर् आवाज यायला लागेल. तो तुमचा कोन, साधारण ३० अंशांचा. पुढचं सगळं काम कानाने करायचं. आवाज बंद झाला की कोन बिघडला असं समजा.

आणि जोर लावायचाच नाही. कार्ट्रिजची सवय असलेला हात आपोआप दाबतो. रेझरचं स्वतःचं वजन पुरतं. मी पहिला आठवडा दांडा अगदी शेपटाशी, दोन बोटं आणि अंगठ्यात धरायचो, म्हणजे दाबायचं म्हटलं तरी दाबता येऊ नये.

डोक्याचं मात्र वेगळं आहे. गालाला मांस असतं, पातं टेकलं की गाल थोडा आत जातो. डोक्यावर कातडीखाली लगेच हाड. तिथे चूक मावत नाही. शिवाय गोलाई सतत बदलते, म्हणून मनगट सतत वळवत राहावं लागतं. एका दमात दोन-अडीच सेंटिमीटरपेक्षा जास्त जाऊ नका.

सगळ्यात मोठी अडचण म्हणजे मागचं दिसत नाही. मी दोन आरसे लावून पाहिलं. आरशात हात उलटा जातो आणि गोंधळ वाढतो. शेवटी आरसा सोडला. डाव्या हाताची बोटं पुढे चालतात, खुंट चाचपतात, कातडी ताणतात, आणि रेझर त्यांच्या मागून येतो. आता मी मागची बाजू डोळे मिटून करतो आणि ती समोरच्यापेक्षा स्वच्छ होते.

सुरुवात करण्याआधी तीन दिवस केस वाढू द्या आणि बोटं फिरवून केस कुठल्या दिशेला झुकलेत ते बघा. माझ्या टाळूवरचे भोवऱ्यापासून कपाळाकडे येतात, म्हणजे सुलट हात (केसांच्या दिशेने) मागून पुढे. कानांवरचे खाली. मागच्या उंचवट्यापर्यंत खाली, पण त्याच्याखाली मानगुटीवर दोन्ही बाजूंनी मध्याकडे वळतात आणि काही चक्क वर चढतात. तिथे मी सुरुवातीला वरून खाली रेझर ओढत होतो, म्हणजे उलट, आणि पुळ्यांना दोष देत होतो. भोवऱ्यावर तर दिशाच नसते. तिथे एकेक सेंटिमीटरचे हात, चारी बाजूंनी, हलके.

पहिला हात सुलट, मग पुन्हा फेस लावून आडवा. उलट हात डोक्यावर मी फक्त टाळूवर देतो. मानेवर कधीच नाही. पुळ्या गेल्या त्याला दीड वर्ष झालं.

तुमचे अनुभव लिहा. विशेषतः ब्लेड कुठली वापरता ते.

सदाहरित | शनिवार, रात्री ९:४८

अप्रतिम धागा. वाचनखूण साठवली. मी दाढीसाठीच वापरतो, १२ वर्षं झाली. ब्लेडबद्दल म्हणाल तर सेव्हन ओ'क्लॉक आणि अ‍ॅस्ट्रा आलटून पालटून. फेदर एकदा वापरलं, जपानी, फारच तिखट. नवशिक्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. पण हे ज्याच्या त्याच्या दाढीवर आहे. माझ्या भावाला तेच फेदर लोण्यासारखं वाटतं. वेगवेगळ्या पाच ब्लेडची पाकिटं आणा, प्रत्येकी आठवडाभर वापरा, आणि त्या आठवड्यात रेझर, साबण काहीच बदलू नका. नाहीतर कशामुळे काय झालं तेच कळत नाही.

पुढील लेखनाला शुभेच्छा.

घाईघाईत | शनिवार, रात्री १०:२२

धागा छान, पण थोडं वेगळं मत मांडतो. मीही चकोट, सहा वर्षं. डोक्यासाठी मला कार्ट्रिजच बरं वाटतं. त्याचं तोंड वळतं, डोक्याच्या गोलाईबरोबर जातं, कोन धरायची कटकट नाही. सकाळी ७:०५ ची लोकल असते. आंघोळीत शॉवरखाली चार मिनिटांत डोकं होतं. सेफ्टी रेझरने मला पंचवीस मिनिटं लागली आणि कानामागे कापलं. रक्त थांबेपर्यंत लोकल गेली.

शिवाय विमानात केबिन बॅगेत सुटी ब्लेड चालत नाहीत. मला महिन्यातून दोनदा प्रवास असतो.

मुळाकाठ | शनिवार, रात्री १०:५०

@घाईघाईत, प्रवासाचं म्हणणं शंभर टक्के मान्य. मीही विमानाने जाताना साधं एका पात्याचं गिलेट गार्ड नेतो. २०१० मध्ये भारतासाठी म्हणून आलं ते. एकच पातं असल्यामुळे माझ्या मानेला चालतं. ज्यांना सेफ्टी रेझरची भीती वाटते त्यांनीही आधी त्याने सुरुवात करायला हरकत नाही.

वेळेचं म्हणाल तर मलाही पहिले दोन महिने अर्धा तास लागायचा. आता बारा-तेरा मिनिटं. चार मिनिटांत होणार नाही, आणि घाईत करायचंच असेल तर हा रेझर नकोच. तुमच्या मानेला कार्ट्रिजचा त्रास नसेल तर बदलण्याचं काही कारण मला तरी दिसत नाही.

कानामागे कापतं कारण तिथे कातडीला घडी असते. कान पुढे दुमडा, बोटाने कातडी मागे ताणा, मग खोलगट भागात रेझर उभा न धरता कडेकडेने आणा. माझंही तिथे दोनदा कापलंय.

धोकटी | रविवार, सकाळी ७:३५

नमस्कार. माझं नवी मुंबईत सलून आहे, मूळ गाव सातारा जिल्ह्यात. इथे नेहमी वाचतो, लिहितो आज पहिल्यांदा. चुकलं तर सांभाळून घ्या.

मुळाकाठ साहेब, डाव्या हाताचं तुम्ही जे लिहिलंय ते वाचून बरं वाटलं. माझे वडील गावात बलुत्यावर काम करायचे. धोकटीत एक वस्तरा, धारेचा दगड, चामड्याचा पट्टा, कातर, पितळेची वाटी. मला बारा वर्षांचा असताना शिकवायला घेतलं तेव्हा सहा महिने वस्तरा हातात दिला नाही. फक्त डावा हात. गिऱ्हाइकाच्या डोक्याला पाणी लावून चोळायचं, कातडी ताणून धरायची, वडील वस्तरा चालवणार. ते म्हणायचे, केस कुठून कुठं चाललाय ते बोटाला विचार. पाणी पण नुसतं लावायचं नाही, जिरवायचं. केस पाणी प्यायला की मऊ पडतो. सुका केस कापायला गेलं की धार त्याच्यावर बोथट होते. आताची पोरं फवारा मारतात आणि लगेच सुरू होतात.

वस्तऱ्याचं म्हणाल तर आता पाजायचा वस्तरा आम्ही कुणी वापरत नाही. १९९०च्या दशकात एड्सची जाहिरात सगळीकडे झाली तेव्हापासून गिऱ्हाईक आधी विचारायला लागलं, ब्लेड नवं ना. ते बरोबरच आहे, कावीळसुद्धा त्याच रस्त्याने पसरते. आता आम्ही तुमचंच ब्लेड वापरतो. कागदातून न काढता उभं दुमडायचं, मधून कट्ट करून मोडतं, दोन तुकडे होतात. एका गिऱ्हाइकाला एक तुकडा. तो वस्तऱ्याच्या खाचेत घालायचा. कागद गिऱ्हाइकासमोर फाडायचा, हा माझा नियम आहे.

एक विनंती. घरी करताना एकाच्या रेझरने दुसऱ्याने करू नये, बापलेकाने पण नाही.

अजून एक. पहिल्यांदा डोकं करणार असाल तर घरच्या कुणाला तरी आधी डोकं नीट बघायला सांगा. तीळ, मस, जुनी खोक, कुठे काय आहे ते बोट लावून दाखवू दे. माणसाला स्वतःच्या डोक्याच्या मागं काय आहे ते ठाऊक नसतं. मी पंचवीस वर्षांत किती जणांना सांगितलं असेल, साहेब, इथं तीळ आहे, डॉक्टरला दाखवून घ्या. उंच तिळावरून पातं गेलं की रक्त लवकर थांबत नाही.

अबोली७ | रविवार, सकाळी ८:१२

@धोकटी, दादा, लिहीत राहा. किती मोलाचं लिहिलंत.

मुळाकाठ | रविवार, सकाळी ८:३०

+१. धोकटीदादा, मी दोन वर्षं चाचपडत जे शिकलो ते तुमच्या वडिलांनी पहिल्या सहा महिन्यांतच शिकवलं. पाणी जिरवायचं म्हणजे किती वेळ? मी गरम पाण्याने आंघोळ झाल्यावर लगेच करतो.

धोकटी | रविवार, दुपारी २:०५

आंघोळीनंतर केलं तर उत्तमच, वेगळं काही नको. नाहीतर ओला गरम टॉवेल दोन-तीन मिनिटं. डोकं मात्र आधी मशीनने बारीक करून घ्यायचं, शून्य नंबर. वाढलेल्या केसांवर ब्लेड चालवलं की दोन हातांत भरून जातं.

जुनापाना | रविवार, दुपारी ३:४०

धाग्यात थोडा इतिहास टाकतो, कारण ही वस्तू आपल्या आजोबांच्या कपाटात कशी पोचली ते मला फार आवडणारं प्रकरण आहे.

'सेफ्टी' हे नाव गिलेटचं नाही. न्यूयॉर्कच्या कॅम्फे बंधूंनी १८८० मध्ये धारेपुढे आडपट्टी असलेल्या रेझरचं पेटंट घेतलं, त्यात तो शब्द आहे. पण त्याचं पातं जाड, वस्तऱ्याच्या तुकड्यासारखं. ते काढून पट्ट्यावर पाजावंच लागायचं. किंग कॅम्प गिलेट (किंग हे त्याचं नावच) फिरता विक्रेता होता. पाजायचं नाही, बोथट झालं की टाकून द्यायचं असं पातळ पातं त्याला हवं होतं. अडचण अशी की इतका पातळ पत्रा कडक करून त्याला धार लावता येते यावर जाणकारांचा विश्वास नव्हता. कडक करायला तापवलं की पत्रा वाकडा व्हायचा. अमेरिकेतल्या एमआयटीत शिकलेल्या विल्यम निकरसनने त्यासाठी यंत्रं बनवली तेव्हा कुठे जमलं. १९०३ मध्ये, म्हणजे विक्रीच्या पहिल्या वर्षी, ५१ रेझर आणि १६८ ब्लेडं खपली. पेटंट १५ नोव्हेंबर १९०४ ला मिळालं. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सरकारने सैनिकांसाठी ३५ लाख रेझर घेतले आणि मग घरी दाढी करणं ही सवयच झाली. सैनिक घरी परतले ते रेझर घेऊनच.

तेव्हाची ब्लेडं कार्बन स्टीलची, दोन दिवसांत गंजायची. विल्किन्सन स्वोर्डने १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला स्टेनलेस ब्लेड आणलं तेव्हा एकच ब्लेड आठवडाभर चालायला लागलं. १९७१ मध्ये जोडपात्यांचं कार्ट्रिज आलं आणि हा रेझर हळूहळू कपाटात गेला.

आपल्याकडे मात्र तो पूर्ण कधीच गेला नाही. टोपाझ, लेझर, सुपर-मॅक्स ही ब्लेडं किराणा दुकानात, पानाच्या टपरीवर कायम मिळत राहिली. सुपर-मॅक्स तर ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये बनायचं आणि तिथून जगभर जायचं. माझे दोन वर्गमित्र त्या वसाहतीत कामाला होते.

ऱ्हाइनवरून | रविवार, संध्याकाळी ६:१५

मी जर्मनीत ड्युसेलडॉर्फला असतो. इथून तासाभराच्या आत झोलिंगन, सुऱ्या-पात्यांसाठी प्रसिद्ध. मर्कुर रेझर वापरत असाल तर त्याच्या पेटीवर ते नाव असतं. शहर डोंगराळ. वुपर नदीकाठी धार लावायच्या जुन्या कार्यशाळा आहेत, त्यांना 'कोटेन' म्हणतात. पाण्याचं चाक फिरणार, त्यावर दगड फिरणार, आणि धार लावणारा त्या दगडावर ओणवा बसणार. बाल्कहाउजर कोटेन आता संग्रहालय आहे. मी पावसाळी दिवशी गेलो होतो. ओल्या दगडाचा आणि लोखंडाचा वास तिथे अजून आहे. दगडाच्या धुळीने त्या कारागिरांची फुप्फुसं जायची, ते वाचून रेझर हातात घेताना वेगळं वाटतं.

झोलिंगन हे नाव कायद्याने राखीव आहे, १९३८ पासून. त्या भागात न बनलेल्या मालावर ते नाव घालता येत नाही. हे मुद्दाम लिहिलं, कारण स्वस्तातल्या रेझरवर काहीही कोरलेलं असतं.

डोक्यासाठी मी मर्कुरचाच आखूड दांड्याचा ३४सी वापरतो. लांब दांडा मागच्या बाजूला खांद्याला अडतो.

खोबरेल | रविवार, संध्याकाळी ७:०२

दांड्यावरून आठवलं. माझा रेझर (नाव लिहीत नाही) आंघोळ करताना हातातून सुटला, फरशीवर पडला आणि झाकणाचा आटा मुळापासून तुटला. वर क्रोमचा मुलामा, आत जस्ताचा मिश्रधातू. त्याला वाकणं माहीत नाही, एकदम तुटतो. आता पितळेचा घेतलाय. आजोबांचा होता, आईने कोनाड्यातून काढून दिला. गिलेट टेक, इंग्लंडचा. काळाकुट्ट झालेला होता. भांड्याचा साबण आणि जुना टूथब्रश, एवढ्यावर चकाकला. चिंच लावायचा मोह झाला होता, बरं झालं लावली नाही. वरचा मुलामा गेला असता.

कोकणातल्यांना अजून एक सांगायचंय. पावसाळ्यात ब्लेड रेझरमध्ये ओलं ठेवू नका. दांडा सैल करायचा, पाण्याखाली धरायचा, झटकायचा, आणि न्हाणीघराच्या बाहेर ठेवायचा. ब्लेड टॉवेलने पुसायचं नाही, धार जाते आणि बोटही.

सदाहरित | रविवार, रात्री ८:२०

ब्लेड टाकायचं कसं हे कुणी लिहिलं नाही. कृपया कचऱ्याच्या डब्यात सुटं ब्लेड टाकू नका. कागदात गुंडाळून पण नको. आमच्याकडे पुण्यात 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या संस्थेच्या ताई कचरा घ्यायला येतात, हाताने वेगळा करतात. एकदा आमच्या इमारतीतल्याच कुणाच्या तरी ब्लेडने त्यांचा अंगठा चिरला. मी आमच्या घरातल्या औषधपेटीतून पट्टी बांधली तेव्हा ती चीर जवळून पाहिली. इतकी सरळ, की आधी रक्तच आलं नाही, मग एकदम आलं. त्या दिवसापासून कॉफीच्या पत्र्याच्या डब्याच्या झाकणाला चीर पाडून घेतली आहे. वापरलेली ब्लेडं त्यात. डबा भरायला काही वर्षं लागतील. भरला की टेपने बंद करून, वर 'ब्लेड आहेत' असं मोठ्या अक्षरांत लिहून, ताईंच्या हातात सांगून द्यायचा.

मुळाकाठ | रविवार, रात्री ८:४५

हे मूळ लेखात असायला हवं होतं. माझ्याकडून राहिलं. उद्याच डबा करतो.

उन्हाळवाट | रविवार, रात्री ९:३०

नागपूरकडून. इकडे मे महिन्यात ४५ च्या वर जातं. सकाळी डोकं करून निघालो की दहा मिनिटांत घाम, आणि ताज्या कातडीवर घामाचं मीठ म्हणजे आग. मी आता रात्री झोपताना करतो. सकाळपर्यंत कातडी शांत होते. बाहेर पडताना दुपट्टा लागतोच. पहिल्या वर्षी टोपी न घालता फिरलो तर टाळूची सालं निघाली होती.

दुसरं, आमच्याकडे बोअरचं पाणी. फेसच होत नाही. ब्रश फिरवून फिरवून हात दुखतो आणि वाटीत दह्याच्या निवळीसारखं काहीतरी. कुणाला उपाय माहीत आहे का?

मुळाकाठ | रविवार, रात्री १०:०५

@उन्हाळवाट, हा त्रास मी वाघोलीला राहत होतो तेव्हा भोगलाय. जड पाण्यातलं कॅल्शियम साबणाला धरून त्याचा चोथा करतं. तो चोथा म्हणजेच तुमची निवळी. साबण वाढवला तर चोथाच वाढतो. फेसाला पाणी लागतं जेमतेम दोन-तीन चमचे, तर तेवढं फिल्टरचं घ्या. ब्रशही त्याच पाण्यात भिजवा. रेझर धुवायला बोअरचं चालेल. पहिल्याच दिवशी फरक दिसेल.

फेस कसा हवा ते सांगायला मला एकच खूण येते. ब्रश उचलला की फेसाचं टोक उभं न राहता वाकलं पाहिजे, आणि वर चमक हवी. कडक, कोरडा, पांढराशुभ्र फेस दिसायला छान, पण त्यात पाणी कमी असतं आणि रेझर अडतो.

रानजाई | सोमवार, सकाळी ११:२०

नमस्कार, मी कोल्हापूरची. या धाग्यावर मी चुकीच्या जागी तर विचारत नाही ना, पण विचारते. माझे बाबा ७८ वर्षांचे. गेल्या वर्षी अर्धांगाचा झटका आला, उजवा हात चालत नाही. मधुमेह आहे. त्यांची दाढी मी करते. आयुष्यभर सेफ्टी रेझर वापरला त्यांनी, रोज, रविवारीसुद्धा. आता मी कार्ट्रिजने करते तर ते तोंड फिरवतात. बोलता नीट येत नाही, पण कपाटाकडे बोट दाखवतात. त्यांचा रेझर तिथे आहे. मी शिकून त्याने करू का? रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत.

घाईघाईत | सोमवार, दुपारी १२:०५

ताई, नका करू. गोळ्या चालू असताना छोटी चीरसुद्धा लवकर थांबत नाही. माझ्या सासऱ्यांचं पाहिलंय.

मुळाकाठ | सोमवार, दुपारी १२:४०

रानजाई ताई, जागा अगदी बरोबर आहे. आणि मी या रेझरचा एवढा पुरस्कार करणारा असूनही सांगतो, या बाबतीत नको. दुसऱ्याच्या चेहऱ्यावर चालवताना आपल्याला कातडीचं कळत नाही, फक्त हाताचं कळतं. त्यात झटक्याने गाल एका बाजूला सैल पडलेला असणार. गोळ्या, मधुमेह, सगळंच विरुद्ध आहे. बॅटरीवरचा चांगला ट्रिमर घ्या, अगदी तुळतुळीत होणार नाही पण कापणार नाही. केमोथेरपी चालू असलेल्यांनाही ब्लेडऐवजी हेच वापरायला सांगतात. बाबांच्या डॉक्टरांनाही एकदा विचारा.

धोकटी | सोमवार, दुपारी ३:१५

ताई, मी अंथरुणाला खिळलेल्या लोकांच्या घरी जाऊन दाढी करतो. साहेबांनी सांगितलं ते बरोबर, मशीनच वापरा. पण माझ्या अनुभवानं सांगतो, अशा माणसाला नुसतं ब्लेड नको असतं. त्याला ती सगळी दाढी हवी असते. ब्रश, वाटी, गरम पाणी, साबणाचा वास. मशीन सुक्या गालावर आधी चालवून घ्या. मग त्यांचाच ब्रश काढा, त्यांचाच साबण, फेस करून गालाला लावा, दोन मिनिटं राहू द्या, गरम टॉवेलने पुसून घ्या. वरून ओली तुरटी फिरवा. खुर्चीत बसवून, समोर आरसा धरून करा. झोपवून करू नका, माणूस घाबरतो. आणि डावा हात चालत असेल तर फेस त्यांनाच करू द्या.

अबोली७ | सोमवार, रात्री ९:५०

ताई, जमलं का ते नक्की कळवा.

उन्हाळवाट | मंगळवार, सकाळी ६:५५

फिल्टरच्या पाण्याने आज फेस केला. दोन वर्षांत पहिल्यांदा वाटी भरली. मुळाकाठ, आभार.

रानजाई | रविवार, दुपारी १२:३०

उशिरा लिहिते, आठवडा धावपळीत गेला. डॉक्टरांनीही ट्रिमरच सांगितला, परवा आला. आज सकाळी गच्चीला लागून असलेल्या खोलीत उन्हात खुर्ची मांडली. धोकटीदादांनी सांगितलं तसं आधी सुकी दाढी काढली. बाबा मान वळवत होते, नेहमीसारखेच. मग कपाटातून त्यांचा ब्रश, पितळेची वाटी आणि साबणाची गोल वडी काढली आणि वाटी त्यांच्या मांडीवर ठेवली. ब्रश डाव्या हातात दिला. पहिल्यांदा तो दोनदा पडला. मी वाटी धरून ठेवली. ते पाच मिनिटं फिरवत होते, हात थरथरत होता, फेस विजारीवर उडाला. मग त्यांनी ब्रश उचलून टोक पाहिलं, पुरेसा नाही म्हणून मान हलवली आणि आणखी पाणी मागितलं.

गालाला फेस त्यांनी स्वतः लावला. उजवा गाल राहिला, तो मी लावला.